सिगरेट कंपन्यांनी लोकांचं मत कसं फिरवलं? आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळा-कॉलेजं, सोसायट्यांचे हॉल, ऐरोली-घणसोलीकडची ऑफिसं अशा ठिकाणी तंबाखूवर बोलायला जातो. बोलून झालं की पुढे कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात. फुफ्फुसांचं काय होतं, कॅन्सर कसा होतो हे आता बहुतेकांना माहीत असतं, लोक विचारतात ते वेगळंच, की एवढं सगळं कळलेलं होतं तर इतकी वर्षं पटलं कसं नाही, आणि टपरीवर उभं राहून आपण आजही जे बोलतो ते आपल्या डोक्यात आलं कुठून. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. तेच ते दोनदा नको म्हणून नंबर टाकलेत, गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलंय.

१. मत फिरवलं म्हणजे नक्की काय केलं? जाहिरात तर साबणवालेही करतात.

जाहिरात हा त्यातला दिसणारा भाग. त्याच्या जोडीला दोन कामं चालू होती जी लोकांना दिसत नव्हती. एक म्हणजे सिगरेटने कॅन्सर होतो असं संशोधन आलं की ते पूर्ण खोडून काढायच्या भानगडीत पडायचं नाही, फक्त ‘अजून नक्की काही सांगता येत नाही’ असं वातावरण टिकवायचं. दुसरं म्हणजे विषयच बदलायचा, आरोग्यावर बोलणं सुरू झालं की ते स्वातंत्र्यावर, शेतकऱ्यांवर, कामगारांवर, सरकारच्या महसुलावर न्यायचं. हा आमचा अंदाज नाही, कंपन्यांच्याच कागदांत आहे (ते कागद बाहेर कसे आले ते प्रश्न ५ मध्ये). सिगरेट चांगली आहे हे कुणाला पटवायची गरजच नव्हती. ज्याला सवय लागलीये त्याला आजचा दिवस ढकलायला एखादं कारण मिळालं की पुरतं, आणि ते कारण पुरवत राहणं हेच खरं काम होतं.

२. हे सुरू कधी झालं? सगळीकडे १९५४ साल का येतं?

१९५० मध्ये इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल, आणि अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि एव्हार्ट्स ग्रॅहम, या दोन जोड्यांनी आपापलं वेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली, की फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्यांमध्ये सिगरेट ओढणारे फार जास्त सापडतात. मग १९५३ मध्ये विंडर यांच्या टीमने सिगरेटच्या धुरातलं टार, म्हणजे तो काळा चिकट भाग, उंदरांच्या पाठीला लावलं आणि उंदरांना ट्यूमर आले, ती बातमी मासिकांमधून घरोघरी गेली आणि कंपन्या हादरल्या.

डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोठमोठ्या सिगरेट कंपन्यांचे प्रमुख एकत्र बसले, एरवी हेच लोक गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी भांडणारे, आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीला हाताशी धरलं. जॉन हिल यांचा सल्ला साधा होता, नुसतं नाही-नाही म्हणू नका, संशोधनाच्या बाजूने उभे राहा. ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापून आलं. लोकांचं आरोग्य ही आमची मूलभूत जबाबदारी आहे, धंद्यातल्या बाकी सगळ्या गोष्टींच्या वर, असं त्यात लिहिलं होतं, आणि आम्ही संशोधन समिती नेमतोय असंही. समितीचे वैज्ञानिक प्रमुख म्हणून क्लॅरेन्स कुक लिटल यांच्यासारखं खरोखर नावाजलेलं माणूस आणलं. नंतर नाव बदललेल्या या समितीने पुढची चाळीसेक वर्षं पैसा वाटला, त्यातला बराचसा आनुवंशिकता वगैरे इतर कारणांकडे गेला, आणि सिगरेटने कॅन्सर होतो का हा सरळ प्रश्न बाजूलाच राहिला.

३. पण ‘आणखी संशोधन व्हायला पाहिजे’ यात चूक काय? सायन्स असंच चालतं ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा सायन्सची मुलंच विचारतात आणि विचारायलाच हवा. खऱ्या संशोधकाला विचारलं की ‘काय पुरावा मिळाला तर तुम्ही मान्य कराल?’ तर तो काहीतरी उत्तर देतो. कंपन्यांनी हे उत्तर कधीच दिलं नाही, पुरावा येत गेला तशी त्यांची मागणी पुढे सरकत गेली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, ७,००० हून जास्त शोधनिबंध तपासून अहवाल दिला तरी यांचं ‘अजून सिद्ध नाही’ चालूच.

आणि आतमध्ये काय चाललं होतं? १९६३ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या वकिलाने, अ‍ॅडिसन येमन यांनी, स्वच्छ लिहून ठेवलंय की निकोटीनची सवय लागते आणि आपण निकोटीन विकायच्या धंद्यात आहोत. १९६९ मध्ये त्याच कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात वाक्य आहे, ‘शंका हाच आपला माल आहे.’ लोकांच्या मनात जी तथ्यं बसलीयेत त्यांच्याशी स्पर्धा करायचा तोच सगळ्यात चांगला मार्ग, असं पुढे लिहिलंय. ज्याला खरंच शंका असते तो ती दूर करायला बघतो, इथे तर ती तयार करून विकायची होती. म्हणून ‘संशोधन करा’ हे म्हणणं ऐकायला कितीही बरोबर वाटलं तरी त्यामागचा हेतू आम्हाला अप्रामाणिक वाटतो, आणि अमेरिकेच्या कोर्टालाही तसंच वाटलं (प्रश्न ५).

४. डॉक्टर सिगरेटच्या जाहिरातीत असायचे हे खरं आहे की फॉरवर्ड?

खरं आहे. १९३० मध्ये लकी स्ट्राइकच्या जाहिरातीत २०,६७९ डॉक्टरांचा हवाला दिला होता की या सिगरेटने घशाला कमी त्रास होतो. १९४६ पासून कॅमलची जाहिरात आली, इतर कुठल्याही सिगरेटपेक्षा जास्त डॉक्टर कॅमल ओढतात. फोटोतले पांढऱ्या कोटातले लोक मॉडेल असायचे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्वतःच्या जर्नलमध्ये १९५३ पर्यंत सिगरेटच्या जाहिराती छापल्या जात होत्या, त्यामुळे दोष एकट्या कंपन्यांचा नाही, ज्यांनी नाही म्हणायला हवं होतं त्यांनीही पैसे घेतले.

५. हे सगळं आतलं तुम्हाला कसं कळलं? कंपन्या स्वतःहून तर सांगणार नाहीत.

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियातले प्राध्यापक स्टँटन ग्लान्झ यांच्याकडे एक खोका आला, आत ब्राउन अँड विल्यमसनची साधारण ४,००० पानं, पाठवणाऱ्याचं नाव खोटं. त्याच वर्षी १४ एप्रिलला सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे हात वर करून शपथ घेतली आणि निकोटीनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही, असं एकामागून एक सांगितलं. तो व्हिडिओ आजही बघायला मिळतो, आम्ही कॉलेजमध्ये दाखवतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. प्रश्न ३ मधलं १९६३ चं टिपण आणि हा व्हिडिओ शेजारी ठेवला की वेगळं काही समजवावं लागत नाही.

मग जेफ्री वायगँड यांच्यासारखे आतले अधिकारी बोलले, मिनेसोटा राज्याने केस लढून कागद बाहेर काढले, आणि १९९८ मध्ये ४६ राज्यांशी जो मोठा समझोता झाला त्यात २५ वर्षांत साधारण २०६ अब्ज डॉलर द्यायचं ठरलं, ती जुनी संशोधन समिती बंद करायचं ठरलं आणि कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली ठेवायची हेही ठरलं. ती आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऑनलाइन ग्रंथालयात कुणालाही फुकट वाचता येतात. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी दीड हजारांवर पानांचा निकाल दिला की कंपन्यांनी अनेक दशकं संगनमताने लोकांची फसवणूक केली. दुरुस्तीची निवेदनं छापायचा आदेश त्याच निकालात होता, पण अपिलं चालत राहिली आणि ती छापून यायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं.

६. ताई, बायकांनी सिगरेट ओढावी म्हणून मोर्चा काढला होता म्हणे, हे कसं काय?

३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार, न्यूयॉर्कचा फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू. ठरवून आणलेल्या काही तरुणी मिरवणुकीत चालता चालता सिगरेट पेटवतात, फोटोग्राफर तयारच असतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की बायकांनी ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ पेटवल्या. यामागे एडवर्ड बर्नेज होते, अमेरिकन टोबॅको कंपनीने नेमलेले जनसंपर्कवाले. त्याच्या आधी त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला विचारून घेतलं होतं की बायकांच्या मनात सिगरेट म्हणजे काय.

मला यातली सगळ्यात लागणारी गोष्ट ही की त्या काळच्या बायकांची मोकळेपणाने जगायची इच्छा खरी होती, मतदानाचा हक्क मिळून जेमतेम नऊ वर्षं झाली होती, आणि त्या खऱ्या इच्छेच्या हातात कंपनीने आपला माल ठेवला. १९६८ मध्ये खास बायकांसाठी काढलेल्या व्हर्जिनिया स्लिम्स या सिगरेटने तेच पुन्हा केलं. आणि हो, आपल्याकडे ऑफिसखाली सिगरेट ओढणाऱ्या मुलींकडे बघून जी कुजबुज होते ती आम्हाला मान्य नाही, मुलाची फुफ्फुसं आणि मुलीची फुफ्फुसं सारखीच. मुलींना बोल लावला की त्यांना ते बंड वाटतं, म्हणजे बर्नेज यांचंच काम आपण फुकटात करून देतो.

७. फिल्टरवाली, लाइट, माइल्ड ही तरी कमी घातक ना?

नाही. १९५० च्या दशकात लोक घाबरले तेव्हा फिल्टर हे उत्तर म्हणून पुढे आणलं गेलं. केंट सिगरेटचा तो प्रसिद्ध ‘मायक्रोनाइट’ फिल्टर १९५२ ते १९५६ या काळात चक्क अ‍ॅस्बेस्टॉस घालून बनवला जायचा, आणि त्याची जाहिरात आरोग्याची काळजी घेणारा फिल्टर अशी होती.

‘लाइट’चं प्रकरण हातात धरून बघता येतं. अशा सिगरेटचं फिल्टर उजेडासमोर धरा, कागदावर गोल पट्ट्यात बारीक बारीक भोकं दिसतील, टाचणीच्या टोकाहूनही लहान. मशीनवर टेस्ट करताना त्या भोकांतून बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो आणि टारचा आकडा कमी येतो. पण माणूस सिगरेट दोन बोटांत धरतो, ती भोकं बोटाखाली किंवा ओठाखाली झाकली जातात, शिवाय निकोटीन कमी पडलं की तो आपोआप खोल झुरका घेतो. आकडा मशीनचा कमी झाला, माणसाचा नाही, आणि कंपन्यांना हे माहीत होतं. सोडायच्या विचारात असलेले किती तरी लोक त्याऐवजी लाइटवर गेले. अमेरिकेत २०१० पासून हे शब्द पाकिटावर छापायला बंदी आहे, मग मार्लबोरो लाइट्सचं नाव ‘गोल्ड’ झालं.

८. आपल्याकडे पण असं झालं का? हे सगळं अमेरिकेचंच दिसतंय.

झालं, आणि तुमच्या घरातल्या माणसांनी ते बघितलंय. आयटीसी ही मुळात १९१० मध्ये कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया म्हणून सुरू झालेली कंपनी. ज्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना तिच्याच विल्स फिल्टर सिगरेटची ‘मेड फॉर ईच अदर’ ही जाहिरात विचारा, फिल्टर आणि तंबाखूची जोडी म्हणता म्हणता नवरा-बायकोची गोड जोडी दाखवायचे, आदर्श जोडप्यांच्या स्पर्धा व्हायच्या. सुखी संसार आणि सिगरेट एका चौकटीत.

मग क्रिकेट. ९० च्या दशकात लहान असलेल्यांना टीमच्या शर्टावरचं विल्स आठवतच असेल, १९९६ चा वर्ल्ड कप तर नावानेच विल्स वर्ल्ड कप होता. मैदानात कुणी सिगरेट ओढत नव्हतं, ओढायची गरजही नव्हती, नाव सचिनच्या छातीवर होतं. गोव्यातल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास १९९६ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, त्यात दिसलं की असं स्पॉन्सर केलेलं क्रिकेट टीव्हीवर बघून सिगरेट आणि चांगला खेळ यांचं नातं मुलांच्या मनात जुळतं आणि एकदा ओढून बघायची शक्यता वाढते. सरकार जाहिरातबंदीचा कायदा आणतंय हे २००१ मध्ये दिसल्यावर आयटीसी स्पॉन्सरशिपमधून बाहेर पडली. दुसरीकडे गॉडफ्रे फिलिप्स कंपनीने १९९० पासून सामान्य माणसाच्या शौर्यासाठी पुरस्कार दिले, ते बरीच वर्षं रेड अँड व्हाइट या सिगरेटच्या नावाने ओळखले जात होते. पुरस्कार घेणाऱ्यांचं धाडस शंभर टक्के खरं, म्हणूनच ते नाव त्याला चिकटवणं कंपनीला एवढं फायद्याचं होतं.

२००३ चा कोटपा, म्हणजे सिगरेट आणि तंबाखूच्या मालावरचा केंद्राचा कायदा, आल्यावर उघड जाहिरात बंद झाली. राहिली फक्त पाकिटावर आणि विक्रीच्या जागी, तिथेही बोर्ड ६० बाय ४५ सेंटीमीटरचा, वर इशाऱ्यासकट. आता कधी गोखले रोडला किंवा वाशी स्टेशनबाहेर एखाद्या टपरीसमोर दोन मिनिटं नीट उभे राहा. पाकिटांची मांडणी, त्याच्या खालीच चॉकलेट-गोळ्यांच्या बरण्या, आणि ती मांडणी नेमकी आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येते.

९. वेलची आणि पान मसाल्याच्या जाहिरातीत तर तंबाखू नसतो, मग त्यावर आक्षेप का?

कारण नाव, रंग, डबीवरची अक्षरं आणि घोषवाक्य तेच असतं, आठवण दुसऱ्याच पुडीची करून दिली जाते. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली (आधी २००२ मध्येही आली होती, ती २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही, यावेळी अन्न सुरक्षा कायद्याचा आधार घेतला). मग काय झालं, पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची वेगळी पुडी शेजारी शेजारी लटकायला लागल्या, गिऱ्हाईक दोन्ही घेऊन तळहातावर मिसळतो. पान मसाल्याची जाहिरात त्या जोडपुडीचीच जाहिरात.

लोकांच्या रागाचा उपयोग होतो का असं विचारता म्हणून सांगतो, होतो. अमिताभ बच्चन यांनी २०२१ मध्ये कमला पसंदचा करार सोडला, अक्षय कुमार यांनी २०२२ मध्ये विमलच्या जाहिरातीबद्दल लोकांची माफी मागितली. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली.

१०. पाकिटावरचं चित्र एवढं मोठं कसं झालं? आधी तर विंचू होता.

मे २००९ च्या शेवटी चित्रं आली तेव्हा तंबाखूच्या पुडीवर विंचू होता, आणि लोक आम्हाला विचारायचे की यात विंचवाचं विष असतं का, म्हणजे त्या चित्राचा उपयोग किती ते बघा. मग पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याचा असा नियम निघाला, एप्रिल २०१५ पासून लागू होणार होता. ऐन वेळी संसदेच्या एका समितीने थांबा म्हटलं. समितीचे अध्यक्ष नगरचे खासदार दिलीप गांधी होते आणि तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यास नाही असं त्यांनी सांगितलं. समितीतले दुसरे एक खासदार, श्यामाचरण गुप्ता, स्वतः बिडीचे मोठे व्यापारी. त्याच्या दीडेक महिना आधी आपले आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले होते, महाराष्ट्राला ते वाक्य किती लागलं असेल.

आणि ते वाक्य चूक होतं. मुंबईत ९० च्या दशकात सुरू झालेल्या एका अभ्यासात जवळपास दीड लाख लोकांची नोंद करून वर्षानुवर्षं माग ठेवला, त्यात बिडी ओढणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण सिगरेटवाल्यांपेक्षाही जास्त निघालं. हे काम करणारे डॉ. प्रकाश गुप्ता यांची हीलिस ही संस्था आपल्या बेलापूरलाच आहे. २००८ मध्ये देशभराच्या मृत्यूंवरचा मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, त्यात धूम्रपानाने भारतात लवकरच वर्षाला साधारण १० लाख मृत्यू होतील असा अंदाज होता. ‘आपल्याकडे अभ्यास नाही’ हे १९५४ च्या ‘अजून सिद्ध नाही’चंच भावंडं. शेवटी ८५ टक्क्यांचा नियम १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने तो रद्द केला, महिन्याभरात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली.

११. माझे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते, त्यांना काही झालं नाही. मग?

आजोबा जगले याचा आनंदच आहे. पण जे पन्नाशीत गेले ते हा प्रश्न विचारायला राहिले नाहीत, त्यामुळे आपल्याला उदाहरणं नेहमी जगलेल्यांचीच मिळतात. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षं माग ठेवला, २००४ मध्ये निकाल छापला, सतत ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी. त्याच अभ्यासात चांगली बातमीही आहे, साठाव्या वर्षी सोडली तर ३ वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिशीत सोडली तर जवळपास सगळी. ‘कॅन्सरला हजार कारणं असतात, एकट्या सिगरेटला का धरता’ हा युक्तिवाद कंपन्यांच्या वकिलांनी कोर्टात वर्षानुवर्षं केला, आजोबांची गोष्ट त्यातच बसते.

१२. ज्याची त्याची मर्जी आहे, सज्ञान माणसाने ठरवलं तर तुम्ही कोण?

सज्ञान माणसाने ठरवलं तर खरंच आम्ही कुणी नाही. पण बहुतेक जण सुरुवात करतात ती सज्ञान व्हायच्या आधी किंवा जेमतेम झाल्यावर, आणि कंपन्यांचा हिशोब त्यावरच होता. १९८४ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्सच्या अंतर्गत अहवालात लिहिलंय की सोडून गेलेल्या आणि मेलेल्या गिऱ्हाइकांची जागा भरून काढायला तरुण ओढणारे हाच एकमेव स्रोत आहे. चारच वर्षांनी त्याच कंपनीने जो कॅमल हा कार्टून उंट अमेरिकेत आणला, आणि १९९१ मधल्या एका अभ्यासात सहा वर्षांची मुलं त्याला जवळपास मिकी माउसइतकंच ओळखत होती.

शिवाय ‘मर्जी’ कंपन्यांनी दोन्ही बाजूंनी वापरली. बाहेर सांगायचं की व्यसन लागतच नाही, धोका सिद्ध नाही, आणि आजारी माणसाने केस केली की कोर्टात म्हणायचं धोका तर सगळ्या जगाला माहीत होता, तुम्ही मर्जीने ओढलीत. आपल्याकडे सुट्टी सिगरेट हे याचंच उदाहरण, एक सिगरेट घेणाऱ्या पोराच्या हातात पाकीट येतच नाही, म्हणजे ते ८५ टक्के चित्रही येत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी विक्री बंद केली. कुठल्याही कॉलेजच्या कोपऱ्यावर जाऊन बघा किती पाळली जाते, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत विक्रीच करायची नाही हा नियम वेगळाच.

१३. दुसऱ्याच्या धुराचा त्रास होतो हे तरी कंपन्यांनी लगेच मानलं का?

सगळ्यात जास्त भांडण इथेच झालं, कारण ‘ज्याची त्याची मर्जी’ इथे कोसळते. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी दाखवलं की नवरा ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. उद्योगाने लगेच तज्ज्ञ नेमून त्या आकडेमोडीवर हल्ला चढवला. १९९३ मध्ये ‘खऱ्या विज्ञाना’च्या बाजूने म्हणवणारी एक संघटना अमेरिकेत उभी राहिली, तिच्यामागे पैसा आणि बेत फिलिप मॉरिसचा होता.

आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टाने सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करायचे आदेश दिले. २ ऑक्टोबर २००८ पासून आताचे नियम आहेत, दंड २०० रुपयांपर्यंत. सोसायटीवाले विचारतात की खालच्या फ्लॅटमधला गॅलरीत ओढतो आणि धूर आमच्या बेडरूममध्ये येतो, तर त्याचं घर ही सार्वजनिक जागा नाही, तिथे हा कायदा थेट लागत नाही, बोलून किंवा सोसायटीच्या सभेत विषय मांडूनच मार्ग काढावा लागतो.

१४. सिनेमातला हिरो ओढतो तो तर कथेचा भाग, तिथे कंपनीचा काय संबंध?

सगळीकडे असेलच असं नाही, पण पैसे घेऊन दाखवल्याचे कागद आहेत. १९८३ चं सिल्वेस्टर स्टॅलोन यांचं पत्र सापडलंय, पाच लाख डॉलरच्या बदल्यात पाच सिनेमांत ब्राउन अँड विल्यमसनच्या सिगरेट वापरायचं त्यात कबूल केलंय. भारतात २००५ मध्ये अशा दृश्यांवर सरसकट बंदी घातली होती, दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये ती रद्द केली, २०१२ पासून इशारा दाखवायचा नियम आहे आणि सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही.

१५. बिडी कामगार आणि शेतकरी उपाशी मरतील त्याचं काय?

सोलापूरला, सिन्नरला, निपाणीकडे ज्यांचे नातेवाईक आहेत तेच हे विचारतात आणि त्यांची काळजी खरी आहे. सोलापुरात घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायकांचं पोट त्या हजार बिड्यांच्या मजुरीवर आहे. पण कर वाढवायची गोष्ट निघाली की ज्या कामगाराला पुढे केलं जातं, त्याचीच मजुरी वाढवायची वेळ आली की त्याला कुणी पुढे करत नाही. परदेशातही तेच, तंबाखू शेतकऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्यामागे सिगरेट कंपन्यांचा पैसा होता हे कागदांतून दिसलं. आमचं म्हणणं एवढंच की पर्यायी काम आणि पीक देणं ही सरकारची जबाबदारी आहे, आणि तंबाखूच्या कराचा पैसा तिथे वापरावा.

१६. ऐकलंय की एलआयसीचे पैसे आयटीसीत आहेत, म्हणजे माझेही?

हो. एलआयसीकडे आयटीसीचे साधारण १५ टक्के शेअर आहेत. म्हणजे एकीकडे सरकार पाकिटावर इशारा छापायला लावतं आणि दुसरीकडे सरकारी विमा कंपनी त्याच कंपनीची मोठी भागीदार आहे. २०१७ मध्ये यावर मुंबई हायकोर्टात जनहित याचिकाही झाली. आयटीसी आता बिस्किटं, आटा, कागद असं खूप काही विकते हे बरोबर, पण सिगरेट हा आजही तिचा मोठा नफा आहे.

१७. व्हेप तर सुरक्षित म्हणतात, आणि कंपन्या स्वतःच धूरमुक्त जग म्हणतायत.

भारतात ई-सिगरेटची, म्हणजे व्हेपची, विक्री सप्टेंबर २०१९ पासून बंद आहे, ठाण्यात मुलांना मिळते ती चोरून आलेली, आत काय भरलंय याची खात्री कुणी देत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर सिगरेट ओढणारा पूर्णपणे व्हेपवर गेला तर काही विषारी गोष्टी कमी जातात असं इंग्लंडचं आरोग्यखातं म्हणतं, पण ज्याने कधी ओढलीच नाही त्या पंधरा वर्षांच्या मुलाला यातून फक्त निकोटीनची सवय मिळते. २०१७ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने धूरमुक्त जगासाठी फाउंडेशन काढलं, १२ वर्षं दरवर्षी ८ कोटी डॉलर द्यायचं जाहीर केलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आम्ही यांच्याबरोबर काम करणार नाही असं सांगितलं. प्रश्न २ वाचला असेल तर संघटनेने असं का केलं ते कळेल.

१८. आमच्या शाळेला तंबाखू कंपनीकडून देणगी मिळतेय, मुलांना ‘सिगरेट ओढू नका’ शिकवायचा कार्यक्रमही तेच करणार म्हणतात. घ्यावी का?

एका मुख्याध्यापिका बाईंनी विचारलेला प्रश्न, छतातून पाणी गळत होतं आणि पैसे समोर होते. १९९८ मध्ये फिलिप मॉरिसने अमेरिकेत मुलांसाठी ‘विचार करा, ओढू नका’ अशी मोहीम टीव्हीवर चालवली होती, नंतर तपासलं तर ती बघितलेल्या मुलांचं तंबाखू कंपन्यांबद्दल मत चांगलं झालेलं निघालं, ओढायचा विचार कमी झाला नव्हता. अशा कार्यक्रमांत ‘मोठं झाल्यावर तुम्ही ठरवा’ असं सांगितलं जातं, म्हणजे सिगरेट ही मोठं होण्याची खूण बनते. भारताने २००४ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातही या उद्योगाचा हात आरोग्याच्या धोरणापासून दूर ठेवा असं कलम आहे, ५.३.

वर्गातला कार्यक्रम आमच्या मते सरळ नाकारावा. छपरासाठीच्या पैशाबद्दल आम्ही बाईंना सांगितलं की बॅनरवर काय छापणार, मुलांचे फोटो कुठे वापरणार आणि देणाऱ्या संस्थेच्या मागे तंबाखूचा धंदा आहे का, हे लेखी मागा आणि पालक सभेत वाचून दाखवा. त्यांनी मागितलं, उत्तर आलं नाही, आणि छताचं काम शेवटी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून झालं.